बारा वाजताचा धक्का

मी एक कॅमेरा बोलतोय. लग्नकार्यात लोकांच्या गळ्यात पट्ट्यानं मिरवणारा तो नव्हे. संगणकाच्या डोक्यावर चिमट्यानं बसवतात तो मी, लिंबाएवढा, एका वायरीचा. मला बटण नाही, पडदा नाही, आणि 'जरा हसा' म्हणायला तोंडही नाही. घडवणाऱ्यांनी डोळा तेवढा दिला. आज बोलायची संधी मिळालीच आहे, तर सगळं सांगून टाकतो. बरंच साठलंय.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. डोळा उघडला तेव्हा समोर काळ्यापांढऱ्या चौकटींचा कागद होता आणि त्याच्यामागे जांभई देणारी एक मुलगी. चौकटी मला नीट दिसल्या म्हणून तिनं मला पास केलं. मग पुठ्ठ्याची पेटी, जहाज, ट्रक आणि पुष्कळ अंधार. पेटी उघडली ती थेट आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवराकाठच्या म्वांझा शहरात, बाजाराजवळच्या एका इंटरनेटच्या दुकानात.

तिथले दिवस मजेचे होते. कुणी दार-एस-सलामच्या भावाशी बोले, कुणी परदेशी गेलेल्या नवऱ्याशी. माणसांची एक गंमत मला तिथेच कळली. 'किती आठवण येते रे तुझी' असं समोरच्याला म्हणताना ती पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा स्वतःचाच चेहरा बघत असतात. मुली वेण्या सारख्या करत. एक गृहस्थ तर दर रविवारी येऊन तासभर नुसतं कपाळ दाखवत, आणि पलीकडची आई बिचारी त्या कपाळाशी गप्पा मारी.

पुढे सगळ्यांच्या फोनमध्येच कॅमेरे आले आणि मला कोण विचारतो! दुकानदारानं माझ्या डोळ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. का, तर म्हणे कुणी चोरून बघत असेल. मी आणि चोरून बघणार! मी रुसलो, पण ते कुणाला कळायला नको का? दुकान बंद झालं तेव्हा जुन्या संगणकांच्या खोक्यात मलाही टाकलं आणि आमची वरात बोटीनं किसोर्वा बेटावर, तिथल्या माध्यमिक शाळेत गेली.

खोकं उघडलं न्यांगेटानं. ती शाळेत गणित आणि संगणक शिकवायची. उंच, किडकिडीत, आणि एकदा हसायला लागली की थांबणं कठीण. तिनं सगळ्यात आधी माझ्या डोळ्यावरचा कागद नखानं खरवडून काढला आणि अंगाभोवती गुंडाळलेल्या रंगीत कापडाच्या, कांग्याच्या पदरानं डोळा पुसला. मी तेव्हाच ठरवलं, आता हिचं काम करायचं.

आमच्याबरोबर आलेला संगणक म्हाताराच होता. खिडक्या, चित्रं, बाण असलं ओझं घेऊन उठायचा तर त्याला धाप लागे. म्हणून न्यांगेटानं त्याच्यावरचं ते सगळं उतरवलं आणि साधं लिनक्स घातलं. उरला काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक खूण. तिथे जे हवं ते टाइप करून सांगायचं. म्हातारा एकदम तरतरीत झाला. शाळेच्या छपरावरच्या, उन्हावर वीज करणाऱ्या पाट्यांवर तो दिवसभर चालू राही.

त्या काळ्या पडद्याच्या जगात प्रत्येक वस्तू म्हणजे एक फाइल. मीसुद्धा. मला तिथे नाव मिळालं 'व्हिडिओ शून्य'. शून्य ऐकून वाईट वाटून घेऊ नका. तिथली मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणजे पहिला मान माझाच. मला उठवायचं तर न्यांगेटा एक ओळ लिही: फोटो काढणाऱ्या आज्ञेचं नाव, मग माझं नाव, चित्र केवढं हवं ते, आणि कुठल्या फाइलीत ठेवायचं ते. एंटर दाबलं की माझा दिवा लागे, मी बघे, दिवा विझे. झालं काम. कुणाचे नखरे नाहीत, 'थांब, माझे डोळे मिटले, परत काढ' नाही.

पहिला फोटो मात्र काळाकुट्ट आला. न्यांगेटाबरोबर गणित शिकवणारे मन्यामा सर शेजारीच उभे होते. हा माणूस चेष्टा केल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे.

"मास्तरीणबाई, चांगलाय की. आपल्या स्टाफरूमचा काढलाय ना?"

दोष माझा नव्हता हो. उन्हातून घरात आल्यावर तुम्हालाही क्षणभर काही दिसत नाही. मलाही उठल्या उठल्या डोळा जुळवायला वेळ लागतो. न्यांगेटानं आज्ञेची माहिती वाचून काढली आणि ओळीत भर घातली, पहिली वीस चित्रं, म्हणजे चौकटी, सोडून दे, मग काढ. पुढचा फोटो असा लख्ख आला की मन्यामा सरांच्या सदऱ्यावरचा सकाळच्या चहाचा डागही दिसला. त्यांनी तो आपल्या बायकोला दाखवायचा नाही अशी अट घातली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

शाळा टेकडीवर, आणि खाली सरोवराच्या काठी बोटीचा धक्का. म्वांझाहून निघालेली बोट रोज संध्याकाळी इथे लागे आणि माणसं, गाद्या, साखरेची पोती उतरवून, संत्र्यांच्या पाट्या घेऊन पुढच्या बंदराला जाई. न्यांगेटाचा नवरा ब्विरे म्वांझाच्या बर्फाच्या कारखान्यात फिटर होता. तो दर शुक्रवारी याच बोटीनं यायचा आणि रविवारी परतायचा. त्यांचा संसार म्हणजे ही बोट होती म्हणा ना.

आणि एक दिवस बातमी आली की बोट आता किसोर्व्याला थांबणार नाही. इथे कुणी चढत-उतरत नाही, उगाच डिझेल जळतं, असं कंपनीच्या कागदांत म्हणे दिसत होतं. बोट थांबली नाही तर ब्विरेला लांबच्या बंदरावर उतरून, लॉरीनं आणि मग होडीनं यावं लागणार. शनिवारी दुपारी पोचायचं आणि चहा पिऊन परत निघायचं. तो फोनवर म्हणाला, "मग तूच म्वांझाला ये. शाळा काय तिथे नाहीत?"

न्यांगेटानं फोन ठेवला. ती संगणकाच्या खोलीतल्या बाकांकडे बघत बसली. ते बाक तिनं सुताराच्या मागे लागून करवून घेतले होते, वायरी स्वतः ओढल्या होत्या, आणि तिच्या वरच्या वर्गातल्या मुली आता काळ्या पडद्यावर आपापलं नाव लिहून संगणकाकडून 'शिकामो', म्हणजे थोरामोठ्यांना करायचा नमस्कार, वदवून घेत होत्या. नवरा हवा होता आणि ही खोलीही हवी होती. दोन्ही मिळण्याचा रस्ता एकच, तो म्हणजे त्या धक्क्यावरचा.

तिनं कंपनीच्या व्यवस्थापकांना फोन लावला. लुहेंडे नावाचे गृहस्थ होते, शांत आवाजाचे. ते म्हणाले, तुमच्याकडे माणसं असतात असं तुम्ही म्हणता, आमची माणसं नाही म्हणतात. मला रोज बोटीच्या वेळेचा धक्क्याचा फोटो पाठवा, महिनाभर. मग ठरवतो.

बघा, असं काम आलं की माझ्यासारख्याचा ऊर भरून येतो. न्यांगेटानं मला खिडकीच्या चौकटीला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलं, तोंड धक्क्याकडे. संध्याकाळी बोटीच्या वेळी स्वतः ओळ लिहून एक फोटो काढून पाहिला, पेनड्राइव्हनं फोनवर घेतला आणि सगळ्यांना दाखवला. धक्का, बोट, माणसं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त फोटोच्या तळाशी तारीखवेळेची पट्टी येत होती आणि तिच्याखाली धक्क्याच्या पायऱ्या झाकल्या जात होत्या. माणसं पायऱ्यांवरच तर असतात. तिनं ती पट्टी काढून टाकली.

रोज हातानं ओळ लिहायला ती त्या वेळी खोलीत असेलच असं नाही. त्यासाठी संगणकाच्या पोटात एक मुकादम असतो, क्रॉन त्याचं नाव. त्याला वेळ आणि काम एकदा सांगून ठेवलं की तो त्या ठोक्याला काम करून घेतो. का, कशाला, खरंच का, असलं काही विचारत नाही. न्यांगेटा त्याला वेळ सांगायला बसली तेव्हाच ब्विरेचा फोन आला. खांद्यावर फोन दाबून ती बोलत होती, "हो रे, तेच करतेय. बोट बारालाच येते ना? हो, बारा. तू जेवलास का?" आणि बोलता बोलता तिनं लिहिलं, बारा.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्याकडे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, म्हणून तासही सूर्याबरोबरच मोजतात. घड्याळाचा काटा सातावर असला की माणूस तोंडानं म्हणतो, एक वाजला. काटा बारावर आला की सहा वाजले. आणि संध्याकाळी काटा सहावर येतो तेव्हा वाजतात बारा. डोळा एक बघतो, जीभ दुसरं सांगते, आणि या हिशेबात लहान पोरसुद्धा चुकत नाही. चूक होते ती यंत्राशी बोलताना, तीही मनात दुसरं कुणी असेल तर. बोट संध्याकाळी बाराला यायची. क्रॉनला संध्याकाळचे बारा ठाऊक नाहीत. त्याला बारा म्हणजे भर दुपार, आणि आपली संध्याकाळ हवी तर अठरा सांगायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुपारी उठवलं. मी बघितलं तर धक्क्यावर चिटपाखरू नाही. सरोवर चकाकतंय आणि पायऱ्यांवरच्या टीचभर सावलीत म्झे मसातू नावाच्या आजोबांची शेळी रवंथ करत बसलीय. मी ओरडून सांगणार होतो की अरे ही ती वेळ नव्हे. पण ओरडणार कशानं? फोटो काढला. क्रॉननं तो म्वांझाला रवाना केला.

रोज हेच. कधी शेळी डावीकडे, कधी उजवीकडे. एकदा तिनं थेट माझ्याकडे बघितलं, तो फोटो खरं म्हणजे फार छान आला होता. संध्याकाळी बोटीचा भोंगा वाजे, माणसांचा गलका टेकडीपर्यंत ऐकू येई, आणि मी डोळा मिटून खिडकीला बांधलेला. न्यांगेटा रोज पडद्यावर फाइलींची यादी बघे. नवी फाइल आली, वजनही बरोबर, म्हणजे फोटो निघाला. त्या काळ्या पडद्यावर चित्र उघडत नाही हो, नुसतं नाव दिसतं. आणि परीक्षा तोंडावर आलेल्या. नावं बघून ती खुशीत वर्गावर जाई.

महिना संपत आला तेव्हा लुहेंडेसाहेबांचाच फोन आला.

"मॅडम, मी रोज बघतो तुमचे फोटो. धक्का आहे, पाणी आहे, एक शेळी आहे. माणूस कुठेय? सोमवारपासून बोट बाहेरूनच जाईल. माफ करा."

बातमी धक्क्यावर पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी सगळे टेकडी चढून शाळेत आले. संत्रीवाल्या बाया म्हणाल्या, आम्ही रोज तिथे पाट्या घेऊन उभ्या असतो, त्या दिसलो नाही? म्झे मसातूंचा राग वेगळाच होता. बेटावरचे वडीलधारे ते, सगळे त्यांना वाकून शिकामो करत.

"एक शेळी म्हणजे काय? तिला नाव आहे. आणि माझी शेळी दिसते, तिच्याशेजारी मी बसतो तो दिसत नाही? पोरी, हे तुझं यंत्र माणसांना ओळखत नाही."

आळ आला तो असा माझ्यावर.  न्यांगेटानं सगळे फोटो फोनवर घेतले, एकेक बघत गेली, आणि तिचा चेहरा उतरत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळचे वर्ग आटोपल्याबरोबर तिनं माझी वायर उपटली, पट्टी सोडली आणि मला टेबलावर ठेवलं. हळूच ठेवलं, पण खोकं पुढे ओढलं. मन्यामा सर आज चेष्टा करत नव्हते, आणि ते मला जास्त लागलं.

"याचा डोळाच गेलाय," ती म्हणाली. "ब्विरेला रात्री सांगितलं मी. येते म्हटलं म्वांझाला."

"फोटोंत बोटही नाही. चुकीच्या वेळी तर काढत नसेल?" सरांनी विचारलं.

"हे बघा ना, सर." तिनं फाइलींची यादी पडद्यावर आणली आणि बोट ठेवलं. "बारा. बारा. बारा. रोज ठोक्याला बारा. मीच सांगितलं होतं त्याला."

सर वाकून बघत होते. मान डोलावली. बाराच होते, वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि स्वयंपाकघरातून घेवड्याच्या उसळीचा वास आला. सर सरळ होत म्हणाले, "चला, सहा वाजले. आधी जेवून घ्या, मग रडा."

न्यांगेटा उठली. उठता उठता तिची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर गेली. तिथे संगणकाचं घड्याळ होतं आणि त्यात बारा वाजले होते.

ती तशीच अर्धवट उभी राहिली. एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा सरांकडे.

"सर, आत्ता किती वाजले म्हणालात?"

"सहा."

मग ती जी हसायला लागली ती खुर्चीत बसली, टेबलावर डोकं ठेवलं, तरी हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी. सरांना आधी वाटलं बाई रडतायत, आणि कळल्यावर त्यांनी कपाळावर असा हात मारला की चष्मा खाली पडला. दोन गणिताचे मास्तर, आणि दोघांनी मिळून किसोर्व्याचे बारा वाजवले होते. न्यांगेटानं मला उचललं, पदरानं माझा डोळा पुसला आणि म्हणाली, "माफ कर रे बाबा." माझ्याशी कुणी असं कधी बोललं नव्हतं.

लुहेंडेसाहेबांना तिनं तिथूनच फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं. मला वाटलं संपलं. मग त्या शांत माणसाचं हसणं फोनमधून खोलीभर ऐकू आलं. त्यांच्या साडूनं म्हणे कार्यालयाच्या यंत्रात असंच काहीसं सांगून ठेवलं होतं आणि सकाळचा सायरन मध्यरात्री वाजून अख्खी वस्ती रस्त्यावर आली होती. त्यांनी आणखी एक आठवडा दिला, पुढच्या शुक्रवारपर्यंत.

तिनं बाराच्या जागी अठरा लिहिलं. मला परत खिडकीवर बांधलं.

त्या संध्याकाळी धक्क्यावर काय झालं म्हणून सांगू! बेटावरचं झाडून सगळं माणूस आलं. बायांनी ठेवणीतले कांगे काढले, चर्चच्या गायकमंडळानं ढोल आणले, म्झे मसातू कोट घालून सगळ्यात पुढे. ज्यांना कुठेही जायचं नव्हतं तेही डोक्यावर गाठोडी घेऊन उभे. फोटोत गर्दी एवढी की बोटच दिसेना. बोटीवरचे लोक घाबरले, त्यांना वाटलं कुणी मोठा माणूस गेला.

लुहेंडेसाहेबांचा निरोप आला, "मॅडम, हे लग्न आहे. मला रोजचं दाखवा."

सगळे जरा ओशाळले. पण मग दुसऱ्या दिवसापासून खरं रोजचं सुरू झालं आणि मला तेच जास्त आवडलं. आठ-दहा बाया संत्र्यांच्या पाट्यांवर बसलेल्या. एकीनं घालायला घेतलेली दुसरीची वेणी अर्धी झालेली. गादीची गुंडाळी घेऊन उतरणारा एकजण, कोंबड्या पायांनी धरून चढणारी आजी, साखरेच्या पोत्यावर वाद घालणारे दोघे. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, कारण मी आहे हे सगळे विसरले होते.

न्यांगेटा मात्र विसरली नव्हती. एकदा हात पोळल्यावर तिचा स्वतःच्या ओळीवर विश्वास उरला नव्हता. रोज बोटीच्या वेळी ती संगणकापुढे बसून राही. माझा दिवा लागून विझला, फाइल आली, फोनवर उघडून बघितली, की मगच तिचा जीव भांड्यात पडे.

शेवटचा फोटो शुक्रवारचा. दुपारीच ब्विरेचा फोन आला. "आज धक्क्यावर ये."

"नाही येता यायचं. शेवटचा फोटो आहे. काही झालं तर?"

"ओळ बरोबर लिहिलीयस ना?"

"लिहिलीय."

"मग ये की. तो काढेल. तू गणिताची ना गं?"

ती बसली. उठली. पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली, बोट ठेवून, अक्षर न् अक्षर. भोंगा वाजला तेव्हाही ती खोलीतच होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि चपला हातात घेऊन टेकडीवरून पळत सुटली.

खोलीत कुणी नव्हतं. क्रॉननं मला उठवलं. मी डोळा जुळवला, वीस चौकटी सोडल्या आणि बघितलं.

तो फोटो आजही शाळेच्या खोलीत भिंतीवर आहे. बोट किसोर्व्याला रोज थांबते. लुहेंडेसाहेबांनी तो आठवडा बघून सोमवारी तसं कळवलं, आणि न्यांगेटानं म्वांझाला जायचं नाव पुन्हा काढलं नाही. मी आता थकलोय. डोळ्यात एक हिरवी रेघ कायमची आलीय, चिमटा केव्हाच तुटलाय, ट्यूबची पट्टी तेवढी घट्ट आहे. नवा कॅमेरा आलाय, तो होईल 'व्हिडिओ शून्य'. होऊ दे.

जाता जाता एक मागणं आहे, माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठीच. घरातले जुने फोटो काढून बघा. त्यांत एक माणूस कुठेच नसतो, कारण तो फोटो काढत असतो. त्याला एकदा पुढे उभं करा. माझ्या त्या शुक्रवारच्या फोटोत पायऱ्यांवर नेहमीच्या बाया आहेत, पाट्या आहेत, खांद्यावर पिशवी घेतलेला ब्विरे आहे, आणि त्याच्यासमोर हातात चपला धरून, धापा टाकत, हसणारी न्यांगेटा आहे. त्या फोटोत कुणीही कमी नाही.